कोणाची वचनं कोणी म्हणायची

तृप्तीचं पत्र एप्रिलमध्ये आलं आणि जानेवारी उजाडला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. विसरलो असतो तर गोष्ट वेगळी होती. पत्र माझ्या टेबलावर शब्दकोशाखालून अर्धं बाहेर डोकावत पडलेलं असायचं आणि मी रोज त्याच्याकडे बघून वैतागायचो.

पत्र लांब नव्हतं. माझ्या भाचीला पाल्हाळ जमत नाही. पहिल्या ओळीत खुशाली, दुसरीत माझ्या मोतीबिंदूची चौकशी, आणि मग सरळ: 'मामाजी, मी आणि अपेक्षा लग्न करायचं म्हणतो. कायद्यानं होईल की नाही माहीत नाही, पण आपल्या रीतीनं तरी व्हावं. आमचा मंगलपरिणय तुम्ही वाचाल का? आई म्हणते, दादा वाचत असन तं मी येतो, नाही तं मले बलावू नको. तुमच्या उत्तराची वाट बघते.'

अपेक्षाला आम्ही ओळखत होतो. ती चिखल्याची. वडील खाणीत होते. वीज कंपनीत लागल्यावर ती भंडाऱ्याला आली आणि तृप्तीबरोबर खोली घेऊन राहू लागली. तृप्ती तिथंच एका प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचं काम करते. दोघी सणावाराला आमच्याकडे यायच्या. अपेक्षा रद्दीच्या दुकानांतून माझ्यासाठी जुनी पुस्तकं उचलून आणायची. आम्ही कधी काही विचारलं नाही, त्यांनी कधी काही सांगितलं नाही. ही व्यवस्था मला फार सोयीची होती. पत्रानं ती मोडली.

आणि रत्नमाला! माझी धाकटी बहीण, तृप्तीची आई. लाखनीला एकटी राहते, अंगणवाडीतून निवृत्त झाली. पोरगी तिची, लग्न पोरीचं, आणि तिनं यायचं की नाही ते मी ठरवायचं. लहानपणी आईनं मारायला हात उचलला की ती माझ्या मागं लपायची. अजून तेच.

माझं सांगायचं तर मी तुमसरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. बोलण्यात पहिल्यापासून कच्चा. फोन कानाला लावला की मला 'हं' आणि 'बरं' याच्या पलीकडे काही सुचत नाही, आणि थोड्याच वेळात मी तो सुमनबाईच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या हातात देतो. म्हणून तृप्ती मला पत्र लिहिते. कॉलेजात असताना ती आमच्याच घरी राहत होती, तिला हे सगळं माहीत आहे.

वाचायला दिलं की मात्र माझा आवाज कापत नाही, कारण शब्द माझे नसतात. पालीचे उच्चार स्वच्छ आहेत असं लोक म्हणतात. त्यामुळे आमच्या विहारातली लग्नं वर्षानुवर्षं मीच वाचत आलो. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर वधूवर उभे राहतात. त्रिशरण, पंचशील होतं. मग वर आपली पाच वचनं म्हणतो, वधू आपली पाच म्हणते, एकमेकांना हार घालतात, लोक फुलं टाकतात, 'साधू, साधू, साधू' होतं आणि मंडळी जेवणाकडे धावतात. या सगळ्यात माझं तोंड पुस्तिकेमागे असतं. गावात मला जी काही किंमत आहे ती एवढ्याचीच. एरवी लग्नात मला कोणी खुर्चीसुद्धा दिली नसती.

पत्र आलं तेव्हा सुप्रीम कोर्टात नेमका हाच खटला चालू होता, की दोन बायकांचं किंवा दोन पुरुषांचं लग्न कायद्यानं मानायचं का. मला बरं वाटलं. दिल्लीत पाच न्यायाधीश बसले आहेत, मोठमोठे वकील आहेत, त्यांचं एकदा ठरू दे, मग लिहितो, असं मी स्वतःला सांगितलं.

सुमनबाई मात्र रोज टीव्ही लावून बसायची. पडद्यावर सहा चौकटींत सहा माणसं एकाच वेळी ओरडायची. एक म्हणे ही श्रीमंतांची फॅशन, दुसरा म्हणे संस्कृती बुडाली, तिसरी बाई समानतेवर काही चांगलं सांगू लागली की तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत जाहिरात. एका गृहस्थानं तर बोट नाचवत सांगितलं की लग्न हे संततीसाठी असतं, जिथं संतती नाही तिथं लग्न कशाला म्हणायचं?

सुमनबाई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली.

"आयकलं का जी? आपलं तं कॅन्सल झालं म्हणायचं."

आम्हाला मूल नाही. त्यावर आम्ही इतक्या वर्षांत फार बोललो नाही. मी म्हटलं, "मूर्ख आहे तो."

"मूर्ख असन, पण बोलते तं. तुम्ही शहाणे असून पोरीचं पत्र दाबून बसले." पुन्हा मान खाली घालून ती भाजी निवडू लागली. मग थोड्या वेळानं, "मले एक सांगा पण. नवरदेव कोण राहीन?"

"कोणीच नाही."

"असं कसं? कोणी तं लागनच. तृप्तीले साडी नेसता येत नाही, तेच असन."

"अपेक्षाला कुठे येते?"

"मंग दोन्ही नवरदेव? अन् नवरी कोण, तुम्ही?" असं म्हणून ती इतकी हसली की मेथीच्या काड्या टोपलीत आणि पानं कचऱ्यात पडू लागली.

मला राग आला. राग यायचं कारण असं की माझंही घोडं तिथंच अडलं होतं. बाकीचं सगळं मला जमलं असतं. त्रिशरणाला स्त्री-पुरुष लागत नाही, पंचशीलाला लागत नाही, हार कोणीही घालतं. पण वचनं? वरानं म्हणायचं की मी हिचा मान राखीन, कधी अपमान करणार नाही, प्रामाणिक राहीन, घरातला अधिकार हिच्या हाती देईन, कपडेलत्ते-दागिने घेऊन देईन. वधूनं म्हणायचं की मी घरातली कामं नीट करीन, नातेवाइकांना धरून राहीन, प्रामाणिक राहीन, कमाई जपून ठेवीन, आळस करणार नाही. आता तृप्तीनं कोणती पाच म्हणायची? कमाई अपेक्षाची जास्त, पण ती उधळी. तृप्ती काटकसरी, पण स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. पोळ्या अपेक्षा करते. अधिकार कोणी कोणाच्या हाती द्यायचा?

उत्तर टाळणारा माणूस काहीतरी करत असल्याचं सोंग तरी करतो. पुस्तिकेतली अक्षरं मला आता दिसत नाहीत, म्हणून मी दोन जाड कागदाची कार्डं घेतली आणि दोन्ही बाजूंची वचनं मोठ्या अक्षरांत उतरवून काढली. उतरवताना 'पती' आणि 'पत्नी' काढून दोन्हीकडे 'जोडीदार' लिहिलं. मग एक कार्ड तृप्तीचं, एक अपेक्षाचं, असं मांडून बघितलं. उलट मांडलं. पुन्हा सुलट. काही पटेना. शेवटी कंटाळून दोन्ही पुस्तिकेत कोंबली.

मे महिन्यात भोजराजच्या पुतण्याचं, कमलेशचं लग्न होतं. भोजराज म्हणजे आमच्या विहार समितीचे अध्यक्ष. बँकेतून निवृत्त, आवाज दणदणीत, आणि माणूस तसा कामाचा. विहारावर पत्र्याऐवजी स्लॅब आला तो त्यांच्यामुळे. लग्न वाचायला मी. मंडपात उकाडा, जनरेटरचा आवाज, वऱ्हाड उपाशी. मी कार्डं काढली, एकामागून एक वाचली, नवरदेवानं माझ्यामागून म्हटलं, नवरीनं म्हटलं, साधू साधू झालं. भोजराजनी माझ्या पाठीवर थाप मारली. "वा, टेंभुर्णे सर! काय कडक वाचता जी तुम्ही!"

ऑक्टोबरात कोर्टाचा निकाल आला. पाच न्यायाधीशांनी शेकडो पानं लिहिली, आणि लग्नाचं सांगायचं तर त्यांचं म्हणणं असं की हे आमचं काम नाही, संसदेनं बघावं. मी वर्तमानपत्र दोनदा वाचलं. इतकी शिकलेली माणसं, इतकी पुस्तकं, आणि शेवटी तीही माझ्यासारखीच, पत्र दुसऱ्याच्या टेबलावर सरकवून मोकळी.

"झालं?" सुमनबाई म्हणाली. "आता तं लिहा."

मी लिहायला बसलो. 'प्रिय तृप्ती, तुझं पत्र मिळालं' इथपर्यंत यायचो. पुढं एक मसुदा फार कोरडा व्हायचा, दुसरा भाषणासारखा. तिसऱ्यात मी नकार देतो आहे की होकार, हे मलाच वाचून कळेना. तिकडून तृप्ती काही बोलत नव्हती. पण सुमनबाईला फोनवर सगळं कळत होतं. घरमालकाला या दोघींनी मावसबहिणी असल्याचं सांगितलं होतं. आता तो भला माणूस दर रविवारी दोघींसाठी स्थळं घेऊन येत होता. एकदा तर त्यानं दोन सख्ख्या भावांचं स्थळ आणलं, म्हणजे बहिणी एकाच घरात पडतील. "मामी, आता खोटं बोलून बोलून थकली मी," तृप्ती म्हणाली. "मामाजीले 'नाही' म्हणायचं असन तं म्हणा म्हणावं. आईचं तरी एकदाचं कळन."

तेही मला म्हणता येईना.

अशात कमलेशची भानगड निघाली. दिवाळीला त्यानं आम्रपालीला, म्हणजे बायकोला, माहेरी नेऊन सोडलं आणि परत आणायला जाईना. आमच्याकडे रीत अशी की नवरा-बायकोचं बिनसलं तर वकिलाकडे जायच्या आधी विहारात बैठक होते, आणि ज्यानं लग्न वाचलं त्यानं तिथं बसायचं. कशासाठी, ते कोणी सांगत नाही. पंखा बिघडला की विकणाऱ्याला धरतात तसं असावं. मी आपला कोपऱ्यात बसतो, चहा घेतो आणि काय ठरलं ते लिहून देतो.

जानेवारीतला रविवार होता. एका बाजूला कमलेशकडचे, दुसऱ्या बाजूला आम्रपाली आणि तिची आई चंद्रकलाबाई, मध्ये भोजराज. आम्रपाली एका पतसंस्थेत नोकरीला आहे. कमलेश धानाच्या दलालीत आहे असं म्हणतो, पण मला तो बहुतेक पानठेल्यावरच दिसतो.

"मले इले घरी नांदवायचंच नाही," कमलेश म्हणाला. "अन् नांदवायचा सवालच नाही. हे लगनच झालं नाही."

"काय बोलून राहिला बे?" भोजराज म्हणाले. "मी सोता फुलं टाकले तुझ्यावर."

"फुलं टाकले मोठेबाबा, पण वचनं? हे पाहा." त्यानं मोबाईल काढला.

मोबाईलमधून माझाच आवाज आला, स्वच्छ. त्याच्यामागून कमलेशचा: मी घरातली कामं नीट आणि वेळेवर करीन. माझ्या जोडीदाराच्या नातेवाइकांना धरून राहीन. प्रामाणिक राहीन. जोडीदाराची कमाई जपून ठेवीन. मी आळस करणार नाही. मध्येच मंडपातल्या कोणाचा तरी आवाज, 'अरे, बुंदी वाढून घ्या म्हणा ना!' मग आम्रपाली: मी माझ्या जोडीदाराचा मान राखीन, अपमान करणार नाही...

"हे बाईमाणसाचे वचनं हायेत!" कमलेश ओरडला. "सरांनी मले नवरीचे वचनं म्हणायले लावले. उलटं लगन कोठी असते का? मी वकिलालेही विचारलं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझे कान तापले. एप्रिलात कार्डं उलटसुलट मांडताना जी वर राहिली तीच मी मेमध्ये नवरदेवाची म्हणून वाचली होती, आणि 'पती-पत्नी' काढून टाकल्यामुळे वाचताना मला ठेचसुद्धा लागली नाही. "कार्डं बदलली माझ्याकडून," मी म्हणालो, पण तेही कोणाला ऐकू गेलं नसावं.

चंद्रकलाबाई मात्र तयारच होत्या. "आळस करणार नाही म्हणला ना रे तू? माइकवर म्हणला! मंग कोंबडं आरवल्यावर दहा वाजेपर्यंत कोण लोळते, मी?"

"मावशी, ते माह्यं वचन नव्हतं ना!"

"मंग कोणाचं होतं? तोंड तं तुझंच दिसते व्हिडिओत. पावडर लावलेलं."

लोक हसले. आम्रपाली हसली नाही. ती म्हणाली, "मले माहीत होतं."

"काय माहीत होतं बाई?" भोजराजनी विचारलं.

"की वचनं उलटी होऊन राहिली. मी आयकत होती ना. आधी वाटलं सर चुकले. मंग वाटलं नवीन रीत काढली असन, बरी हाये." तिनं कमलेशकडे पाहिलं. "मी म्हणली ते पाचही केलं. याच्या बहिणीसमोर, मित्रासमोर, कधी शब्द खाली पडू देला नाही. कपडे मीच घेऊन देले, आता अंगात घातलं ते जॅकेटही माझ्याच पगाराचं. घरात तुझीच चालू दे म्हणलं. आता यानं म्हणले ते पाच यानं करून दाखवावं. मंग मी येतो का नाही ते सांगतो."

कमलेशनं जॅकेटची चेन उगाच वरखाली केली.

त्या क्षणी मला कळलं की इतक्या वर्षांत मी वाचलेलं एका माणसानं तरी ऐकलं. बाकी सगळा मंडप बुंदीकडे बघत होता, मीसुद्धा कार्डाकडे बघत होतो, आणि ही एकटी मुलगी एकेक शब्द ऐकून, चूक आहे हे समजून, तरीही तो पाळत होती. आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला, आणि कोणावर ते सांगता येईना.

भोजराजनी मांडीवर हात आपटला. "आयकून घ्या सगळे. कमलेश, हे वकिलाचं डोकं घरी ठेवून ये. वचनं उलटी झाली म्हणून लगन उलटं होत नाही. याचे तिनं म्हणले अन् तिचे यानं म्हणले, काय बिघडलं? समाजासमोर उभे राहिले, एकमेकाले कबूल केलं, लगन झालं. मान काय फक्त बाईचाच ठेवायचा असते? काम काय बाईनंच करायचं असते? वचनं दोघांचीही असतात. लिहा सर, असं लिहा."

मी लिहिलं. लिहिता लिहिता माझा हात थांबला. बैठकीत मी आजवर तोंड उघडलं नव्हतं, आणि आजही मला काय झालं हे नीट सांगता येत नाही. बहुधा तो संतापच असेल.

"भोजराजजी," मी म्हणालो, "म्हणजे कोणती वचनं कोणी म्हटली यावर काही अवलंबून नाही?"

"नाही म्हणलं ना जी."

"वराची वधूनं म्हटली तरी चालतं?"

"चालते."

"मग दोघींनी म्हटली तर?"

तृप्तीचं प्रकरण गावात सगळ्यांना माहीत होतं. फक्त माझ्यासमोर कोणी काढत नव्हतं. भोजराजचा चेहरा हळूहळू बदलला.

"हे तुम्ही भाचीसाठी इचारून राहिले, सर."

"हो."

"ते वेगळं हाये."

"काय वेगळं आहे?" मी खरंच विचारत होतो. मला महिनोन्‌महिने हेच कोणीतरी सांगायला हवं होतं. टीव्हीवर कोणी सांगितलं नाही, कोर्टानं सांगितलं नाही. भोजराजना सुचलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं.

"वेगळं म्हणजे वेगळं!" ते म्हणाले. मग त्यांनी आवाज उतरवला. "सर, तुम्ही वाचणारे माणूस. आपली रीत आपल्याले कशी भेटली ते मी तुम्हाले सांगू का? अजूनही कचेरीत आपलं लगन झाल्याचा कागद घेऊन गेलं तं बाबू इचारते, सप्तपदी कोठी हाये? उद्या त्याले असं भेटलं तं तो म्हणन, यायच्यात कायलेच अर्थ नाही, पोरीपोरींचेही लावतात. टिंगल आपली होते, तुमच्या भाचीची नाही."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त वैताग आला. त्या कचेरीतल्या बाबूसाठी कमलेशचं लग्न खरं ठरवायचं आणि त्याच बाबूसाठी तृप्तीचं खोटं. एक लग्न असं की ज्यातला नवरा स्वतःच ओरडून सांगतो आहे की मी काय म्हटलं ते मी ऐकलंच नाही, आणि सगळे मिळून त्याला समजावत आहेत की नाही रे बाबा, तुझं झालं आहे. दुसरीकडे दोघी सात वर्षं एका घरात एकमेकींच्या तापा-खोकल्याला उठतात, उधळेपणावरून भांडतात, पुन्हा बोलतात, आणि फक्त एवढंच मागतात की आम्ही म्हणतो ते कोणीतरी ऐकून घ्या. त्यांना सगळे म्हणतात की नाही, तुमचं होणार नाही. मला हे असं सगळं बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी एवढंच म्हणालो, "टिंगल आजही झाली. व्हिडिओ आहे."

चंद्रकलाबाई खुदकन हसल्या. भोजराज हसले नाहीत.

"तुम्हाले वाचायचं असन तं वाचा," ते म्हणाले. "विहारात नाही. अन् वाचलं, तं इथली पुस्तिका समितीले परत करा. दुसरा माणूस पाहू आम्ही. हे लिहू नका, असंच सांगतो."

मी ते लिहिलं नाही. कमलेशला पंधरवड्यात बायकोच्या घरी जाऊन बोलणी करायला सांगितलं, एवढं लिहिलं. सगळ्यांनी सह्या केल्या. कमलेशनं सही करताना माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्याचं लग्न मीच टिकवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नमाला लाखनीहून बसनं आली. बैठकीची बातमी रात्रीच तिच्यापर्यंत पोचली होती. चप्पल दारात काढून ती सरळ माझ्या टेबलापाशी आली.

"दादा, तू बैठकीत बोलला म्हणते!"

"दोन-चार वाक्यं."

"कायले बोलला?" ती खुर्चीत बसली आणि पदरानं तोंड पुसू लागली. "मी म्हणलं होतं ना, दादा वाचत असन तं मी येतो. काहून म्हणलं होतं माहीत हाये? तू वाचणार नाही म्हणून म्हणलं होतं. तुले भेव लागते सगळ्याइचं. मले वाटलं, दादा काही बोलणारच नाही, अन् मले पोरीले 'नाही' म्हणा लागणार नाही. आता कसं करू मी?"

म्हणजे मी इकडं तिच्यासाठी थांबलो होतो आणि ती तिकडं माझ्या भित्रेपणावर विसंबून बसली होती, आणि मध्ये ती पोरगी दर रविवारी घरमालकाला चहा पाजत होती.

सुमनबाई चहा घेऊन आली. "बाई, तुम्ही दोघं भाऊ-बहीण म्हणजे खरंच..." असं म्हणून तिनं वाक्य सोडून दिलं.

"तुला त्या दोघींचं काय वाटतं?" मी रत्नमालेला विचारलं.

"काय वाटन? मले समजत नाही ते. शेजारीण इचारन, जावई कसा हाये, तं काय सांगू?" ती कपात बघत म्हणाली. "पण मागच्या वर्षी माझा हात मोडला तं अपेक्षा येऊन राहिली. महिनाभर. केस विंचरून देत होती माझे. तृप्तीच्या बापानं कधी मले पाण्याचा गिलास देला नाही, दादा. लगन झालं होतं आमचं, मोठ्या मंडपात. ते कोणी खोटं नाही म्हणलं."

तिनं कप खाली ठेवला. बाहेर धानाचा ट्रक गेला, खिडकी थरथरली.

"तू वाचशील तं मी येईन," ती म्हणाली. "शब्द देला तं देला. पण विहार नाही म्हणते तं कोठी करायचं?"

"तुझ्या अंगणात."

"माझ्या? हायवेवर? ट्रकाच्या आवाजात तुझं काही आयकू येणार नाही."

"माणसं थोडी असतील," मी म्हणालो. "जवळ उभी राहतील."

तिनं कपाळाला हात लावला. मग सुमनबाईला विचारू लागली की अंगणातली चूल काढावी का, आणि खुर्च्या किती लागतील. माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही. त्यावरून मला समजलं की ठरलं.

ती गेल्यावर मी समितीची पुस्तिका कपाटातून काढली, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सुमनबाईला सांगितलं की भोजराजकडे पोचती कर. मला स्वतः जाववलं नसतं. पुस्तिका हातातून सोडताना वाईट वाटलं, ते मी लपवत नाही. उद्या कोणाचं लग्न निघालं तर माझ्याऐवजी दुसरा कोणी वाचेल, चांगलं वाचेल की नाही कोण जाणे. मी मागं कुठेतरी उभा राहीन.

मग कागद घेतला. या वेळी मसुदा केला नाही, कारण केला असता तर पुन्हा फाडला असता.

'प्रिय तृप्ती, वाचतो. तुझी आई येते. लग्न तिच्या अंगणात करायचं आहे, तिनं कबूल केलं आहे, तिचं मन बदलायच्या आत तारीख कळव. वचनं दहा आहेत, पाच-पाच वाटून घ्यायची रीत आहे, पण मला वाटणी जमली नाही. तेव्हा दोघींनी दहाही म्हणायची. वेळ लागेल. अपेक्षाला सांग की कमाई जपून ठेवण्याचं वचन तिलाही म्हणावं लागेल, आणि तुला सांगतो की घरकामाचं तुलाही. म्हणण्याआधी दोघींनी नीट वाचून बघा. पटलं नाही तर आत्ताच सांगा. तुझा, मामा.'

पोस्टात गर्दी नव्हती. काउंटरवरच्या बाईनं पाकीट हातात घेऊन पत्ता बघितला.

"भंडारा? इथून भंडारा किती दूर हाये जी? बसनं जाऊन सोताच देऊन या ना. पत्रापेक्षा आधी पोचान."

"तेवढं मला जमणार नाही," मी म्हणालो.

"मंग फोन करा."

"तेही."

तिनं तिकीट लावलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.